त्रेपन्न पावलांवरचा चंद्र

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या विज्ञानाच्या बाई. स्नेहसंमेलनं, सहली, बक्षीस समारंभ यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंचा एक तास सांगायचा आहे.

१९८१ साल. मी नववीत, आणि शाळेत त्याच जूनमध्ये नवी आलेली. ऑगस्टअखेर व्हॉयेजर-२ यान शनीजवळून गेलं आणि पुढच्याच आठवड्यात बाईंनी अख्खा वर्ग मैदानावर नेला. मधोमध सगळ्यांत उंच मुलगा, तो शनी. मग त्याचे चंद्र: टायटन पाच पावलांवर. आयपेटस पंधरा पावलांवर, तो आपला मॉनिटर. मग बाई स्वतः पावलं मोजत निघाल्या त्या त्रेपन्नाव्या पावलाला, थेट कुंपणाच्या भिंतीशी थांबल्या. तिथून मला हाक मारली, "ये, तू फीबी. आणि तू उलटं फिरायचं."

सगळे एका दिशेनं, मी एकटीच उलट. माझे डोळे भरून आले. बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फीबी शनीपाशी जन्मलेली नाही गं. लांबून आली असावी, शनीनं तिला धरून ठेवलं. म्हणून तिची वाट वेगळी." टायटनची फेरी सोळा दिवसांची, फीबीची दीड वर्षाची, हे त्या दिवशी पायांना कळलं ते कायमचं.

मग त्यांनी माझ्या हातात खडूनं माखलेलं डस्टर दिलं. "झटकत झटकत आत ये, पण फिरणं उलटंच." मी आत सरकत मॉनिटरच्या वाटेवर पोचले, तो समोरून आला आणि त्याचा शर्ट पुढून पांढराफटक झाला. पाठ स्वच्छ! आयपेटसची एक बाजू काळी का, याचं उत्तर बाईंनी असं दाखवलं. तिकडची धूळ काळी, इतकाच फरक. "पण हा अजून अंदाज आहे," असंही त्यांनी बजावलं. अंदाज आणि पुरावा यांत इतक्या काटेकोरपणे फरक करणारं माणूस मला नंतर कुठल्याही विद्यापीठात भेटलं नाही.

आज मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवते. ११ जून २००४ला कॅसिनी यान फीबीपासून जेमतेम २,०६८ किलोमीटरवरून गेलं. सव्वादोनशे किलोमीटरही रुंद नसलेला तो चंद्र, विवरांनी भरलेला, वरून कोळशासारखा आणि विवरांच्या उतारांवर उघडं पडलेलं बर्फ. ते फोटो मी रात्रभर पाहत बसले. २००९मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला शनीभोवती फीबीच्या धुळीचं प्रचंड, विरळ कडं सापडलं. डस्टरमधून उडाली होती तीच धूळ. बाईंना पत्र लिहायला बसले, अर्धं लिहिलं, परीक्षांचे पेपर आले आणि ते राहून गेलं. पुढच्या वर्षी बाई गेल्याचं कळलं. ते अर्धं पत्र माझ्याकडे अजून आहे.

निमंत्रणपत्रिकेवरच्या फोटोत मैदानाच्या त्या कडेला नवी इमारत दिसते. मी फोटोवरच अंतर मोजून पाहिलं. मैदानाच्या मध्यापासून आता तीस पावलंसुद्धा भरत नाहीत.