सी भाषेत स्ट्रिंग जोडताना

सी भाषेत स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या बाइटांच्या रांगेची, लांबी कुठेही नोंदवलेली नसते. शेवटी ठेवलेला शून्य बाइट हीच तिच्या समाप्तीची खूण. त्यामुळे एका स्ट्रिंगला दुसरी जोडताना ‘स्ट्रकॅट’ हे फंक्शन दर वेळी पहिल्या बाइटपासून निघून ती खूण शोधते, तिथून पुढे मजकूर उतरवते आणि नवा शेवट कुठे आला हे ठाऊक असूनही परत मात्र सुरुवातीचाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देते. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे, कारण पुढच्या जोडणीला नेमकी जी माहिती लागणार, तीच इथे वाया जाते.

एकदोन जोडण्यांत हे जाणवत नाही. पण रिकाम्या बफरमध्ये, म्हणजे मजकुरासाठी राखून ठेवलेल्या मेमरीत, १० बाइटांचे १,००० तुकडे लूपमधून जोडले, तर उतरवायचे बाइट जेमतेम १०,००० असतात आणि केवळ शेवट शोधण्यासाठी सुमारे ५० लाख बाइट तपासले जातात. तुकडे दुप्पट झाले की ही तपासणी चौपट होते.

जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे. बफर केवढा आहे हे स्ट्रकॅटला सांगण्याची सोयच नाही. त्यावर उपाय म्हणून ‘स्ट्रएनकॅट’ वापरणारे अनेकजण तिसऱ्या जागी बफरचा पूर्ण आकार देतात. वास्तविक तो आकडा जास्तीत जास्त किती बाइट जोडायचे याचा असतो आणि शून्य बाइट त्याखेरीज वेगळा लिहिला जातो. १६ बाइटांच्या बफरमध्ये १० बाइटांचा मजकूर असताना तिथे १६ दिले, तर लेखन २७ बाइटांपर्यंत जाऊ शकते. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९८ मध्ये आणलेले ‘स्ट्रएलकॅट’ पूर्ण आकारच घेते. ग्लिबसी या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी लायब्ररीत ते २०२३ मध्ये आले. तरीही मजकूर कापला जाण्याची शक्यता उरतेच. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत ‘मराठी’ या शब्दाला १५ बाइट लागतात. १२ बाइटांच्या रिकाम्या बफरमध्ये तो जोडला, तर ‘मरा’च्या पुढे ‘ठ’चे तीनपैकी दोनच बाइट उरतात आणि स्ट्रिंग अवैध होते.

म्हणून मी आधी सर्व तुकड्यांच्या लांब्या मोजून ठेवतो, बेरीज ओव्हरफ्लो होत नाही ना (म्हणजे आकड्याच्या मर्यादेबाहेर जात नाही ना) हे तपासतो, तीत शून्य बाइटासाठी एक मिळवून मेमरी मागतो आणि ती मिळाल्याची खात्री झाल्यावर ‘मेमकॉपी’ने एकेक तुकडा उतरवत पॉइंटर पुढे सरकवतो. शून्य बाइट अगदी शेवटी, एकदाच लिहायचा. ही मेमरी कोण मोकळी करणार, हे फंक्शनच्या वरच्या टिप्पणीत स्पष्ट लिहिलेले असावे.