तुम्ही विचारलंत म्हणून: आईला परत का नाही नेलं

मावशीने विचारलं, वहिनीने विचारलं, परवाच्या लग्नात तर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनीही विचारलं, ज्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. एवढं दुबई-मस्कत-सिंगापूर करतेस, आईला एकदाच नेलंस, परत का नाही? मी दरवेळी तिच्या गुडघ्यांवर ढकलते. एवढा वेळ विमानात बसवत नाही हो तिला. धादांत खोटं आहे हे. तुम्ही सगळ्यांनी तिला दोन जिने चढून गच्चीवर पापड घालताना पाहिलंय, तेव्हा गुडघे आता पुरे.

माझ्या फिरण्याबद्दलही जरा गैरसमज आहे तुमचा. मी मशीन चालू करून द्यायला जाते. सकाळी सातला गाडी येते, रात्री खोलीवर आलं की आडवं व्हायचं. क्वालालंपूर कसंय विचाराल तर मला आठवतं ते चेक-इनला परदेशी माणसाकडून खोलीमागे रात्रीचे १० रिंगिट टॅक्स घेतात ते, आणि सिंगापूर म्हणजे लिफ्टमधली ड्युरियनवर, म्हणजे त्या उग्र वासाच्या फळावर, काट मारलेली पाटी. हॉटेलात मी ड्युटीवर असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर २०१८ ची दिवाळी. दुबईत तीन रात्री, मग तिथूनच सिंगापूरला दोन, मध्ये एक दिवस मोकळा, म्हटलं चल आई. देराला थ्री-स्टार हॉटेल. रिसेप्शनवर टुरिझम दिरहम म्हणून रात्रीचे १० वेगळे घेतले तर ही मला मराठीत विचारतेय, खोलीचे दिलेत ना आधीच, मग हे कसले? खोलीत छतावर किब्ल्याचा बाण होता, मक्का कुठल्या दिशेला ते दाखवणारा, तिला वाटलं एसीची हवा तिकडून येते. हाउसकीपिंगवाला यायच्या आधी पलंग स्वतः आवरून ठेवायची, का तर परक्या मुलाने आपल्या चादरी का उचलायच्या. मजेत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाडी ओलांडायला अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत बसलो, माणशी १ दिरहम, ते नाणं तिने नाखव्याला देण्याआधी उलटंपालटं करून बघितलं, त्यावर किटलीसारखं कॉफीचं भांडं असतं ना, म्हणाली बघ, यांनी चहाला किती मान दिलाय.

खोलीवर आलो आणि म्हणाली, बस, चहा टाकते. बॅगेच्या तळातून जुन्या ओढणीत गुंडाळलेला स्टीलचा डबा काढला. अनारसे. एकोणीस होते, मी नंतर मोजले. दर दिवाळीला तू कुठल्यातरी हॉटेलात असतेस म्हणून आणलेत, म्हणाली.

आणि मला फक्त खसखस दिसली.

आता लगेच बिच्चारी आई सुरू करू नका. खसखस अफूच्या बोंडातली असते आणि यूएईत ती आणायला बंदी आहे, आपल्याकडे वाण्याकडे मिळते म्हणून तिथे चालत नाही. सिंगापूरलाही चालत नाही. आणि दोन दिवसांनी तीच बॅग घेऊन आम्हाला सिंगापूरलाच उतरायचं होतं. माझं घाबरणं खोटं नव्हतं.

पण मी जे बोलले ते घाबरल्यासारखं नव्हतं. साइटवर कोणी पोराने चुकीची वायर जोडली की जो आवाज लागतो तो लागला माझा. तुला अक्कल आहे का, हे ड्रग्जमध्ये धरतात इथे, माझी नोकरी जाईल, कळतंय का काही? ती म्हणाली, अगं खसखस आहे ती. परत म्हणाली, खसखस आहे अगं. मला वाटतं तिला खरंच वाटत होतं की मी दुसरंच काहीतरी समजतेय.

मग मी बाथरूममध्ये बसून चहाच्या ट्रेमधल्या चमच्याने एकेक अनारसा खरवडला. तळलेली खसखस निघत नाही. जाळीत बसलेली असते ती, चमचा जरा जोरात लागला की अनारसा मोडतो, आणि दाणे उडून फरशीवर, टॉवेलवर, माझ्या बाहीवर. सगळेच टाकून का नाही दिले सरळ? माहीत नाही. बहुतेक तिला दाखवायचं होतं की मी तिच्यासाठी ते वाचवायचा प्रयत्न करतेय. सातव्या-आठव्याला ती दाराशी आली आणि म्हणाली, टाक सगळेच, हात दुखतील. मी टाकले. तीनदा फ्लश केलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून कार्पेटवर गुडघ्यांवर रांगत दाणे शोधले, आणि ती पलंगावर पाय वर घेऊन बसली, मला जागा व्हावी म्हणून. किटलीतलं पाणी उकळून आपोआप बंद झालं होतं. चहा कोणीच केला नाही.

इतकी वर्षं मी मनात हेच धरून होते की मी बरोबर होते. नियम म्हणजे नियम. तिला मी यादी दिली होती, औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, लोणचं नको, सगळं लिहून. पण त्या यादीत खसखस नव्हती. मला नियम माहीत होता आणि मी लिहिला नव्हता. शिवाय निघायच्या आधी तिने फोनवर विचारलं होतं, खायला काही आणू का, आणि मी मीटिंगमधून म्हटलं होतं, आण गं काहीही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तरी अजूनही रात्री कधी कधी वाटतं, एअरपोर्टवर बॅग उघडली असती तर? मग ओरडणं कमीच पडलं असतं की. असं म्हटलं की बरं वाटतं थोडा वेळ.

सिंगापूरला ती छान वागली. फारच छान. प्रत्येक गोष्ट विचारून. हे चालेल का इथे, हा टॉवेल घेऊ का, खिडकीशी उभी राहू का.

त्यासाठी नाही नेलं परत. नेलं तर हॉटेलातली मीच भेटणार तिला, दुसरी कुठून आणू? मस्कतचं काम आहे मार्चमध्ये, दोन तिकिटांचे भाव बघून ठेवलेत, म्हणजे बघितलेत फक्त.

आणि अनारसे ती करते अजून. पण तेव्हापासून रव्यावर थापते. गेल्या दिवाळीत मावशी म्हणाली, अगं खसखस विसरलीस काय, तर आई म्हणाली, फार महाग झालीय गं हल्ली. मी तिथेच ताटं मांडत होते. म्हटलं, हो ना, केवढी महाग.