तुम्ही विचारलंत म्हणून : डांबर विकून पर्यावरण कसलं वाचवता?

हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, साताऱ्याला गेलो की आत्याच्या ओट्यावर, आणि या वेळी तर भाच्याने सरळच टाकलं, मामा, तुमची ती असोसिएशन म्हणजे धंदेवाल्यांची युनियन, ते हिरवं हिरवं बोलणारच ना. तेव्हा हसून उडवलं. आता सगळ्यांना एकदाच सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी मोदक तरी गार व्हायच्या आत खाता येतील.

आत्याच्या डोळ्यासमोर काय असतं ते मला माहितीये. पिंपाखाली लाकडं आणि फाटके टायर, पायाला गोणपाट बांधलेल्या बायका, आणि गल्लीभर तो धूर. मी डांबरी रस्त्यांचा माल बनवणाऱ्या ज्या प्लांटवर क्वालिटी कंट्रोल बघतो (अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, १७ वर्षं झाली) तिथे तसलं काही नाही, पण खडी तापवायला गॅस जळतो आणि डांबर क्रूडमधूनच येतं, हे मी कधी नाकारलेलं नाही. आणि हो, नापा, म्हणजे इथली नॅशनल ॲस्फाल्ट पेव्हमेंट असोसिएशन, भाचा म्हणतो ती, धंदेवाल्यांचीच आहे, १९५५ पासून. वर्गणी कंपन्या भरतात, रस्त्यांना पैसे द्या म्हणून सरकारकडे तगादा लावणं हे तिचं कामच. यात उघडकीला आणण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही.

पण ती आम्हाला नेमकं काय करायला लावते ते कोणी विचारत नाही, कारण ते फार कंटाळवाणं आहे. पोस्टरवर हिरवं पान असतं, आतला मजकूर म्हणजे रेतीच्या ढिगावर छप्पर घाला. खरंच. खडी-रेतीतलं पाणी १ टक्क्याने कमी झालं की ड्रायरचं इंधन साधारण १० टक्क्यांनी वाचतं, पण छपराचे फोटो कोण टाकणार. दुसरं, वॉर्म मिक्स, म्हणजे १५०-१६० डिग्रीचा माल २०-३० डिग्रीने कमी तापवायचा. (आता खरं सांगायचं तर बरेच जण वॉर्म मिक्सचं औषध घालतात आणि तापमान आहे तेच ठेवतात, दाबायला सोपं जातं म्हणून. आम्हीही केलंय.) आणि तिसरं रॅप, म्हणजे खरवडलेला जुना रस्ता नव्या मालात घालणं. नापा २००९ पासून याची मोजणी करते, तेव्हा नव्या मालात सरासरी १५-१६ टक्के रॅप असायचा, २०२१ पर्यंत तो २१-२२ वर गेला, वर्षाला ९ कोटी टनांहून जास्त. तेवढी नवी खडी फोडावी लागली नाही आणि तेवढं नवं डांबर कमी लागलं. हे काय नाटक आहे?

असं मी तावातावाने सांगतो आणि मग मला शाळेसमोरचा तो रस्ता आठवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे मिक्सचा ईपीडी काढायचं नवं वेड होतं. ईपीडी म्हणजे एक टन माल बनवायला किती कार्बन गेला त्याचा दाखला, नापाच्या एमेराल्ड इको-लेबल नावाच्या प्रोग्रॅममधून निघतो. मी ४० टक्के रॅपचं मिक्स डिझाइन केलं, आमच्या प्लांटवरचा सगळ्यात कमी आकडा आला, एका मीटिंगमध्ये स्लाइडवर लावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही जरा चढलीच.

ते मिक्स पहिल्यांदा टाकलं एका गावातल्या शाळेसमोर, ऑक्टोबर संपताना, रात्री. आता जुनं डांबर वयाने कडक झालेलं असतं, म्हणून रॅप जास्त घातला की नवं डांबर मऊ ग्रेडचं लागतं. शिळी भाकरी कुस्करायची तर ताक सढळच लागतं, तसं. डिझाइनमध्ये ५८-२८ हे मऊ ग्रेड होतं. त्या दिवशी टँकर आला नाही. टँकमध्ये नेहमीचं, त्याहून कडक ६४-२२ होतं. प्लांटवाल्याने फोन केला, काय करू, क्रू साइटवर उभा आहे, रस्ता बंद केलाय. मी घरी जेवत होतो. म्हटलं चालेल, टाक. त्या "चालेल"ला दोन सेकंदं लागली असतील.

मग राहवेना म्हणून साइटवर गेलो. फोरमन ३० वर्षं या धंद्यातला. त्याने पेव्हरमागून, म्हणजे माल अंथरणाऱ्या मशिनच्या मागून, फावडंभर माल उचलून टॉर्चखाली धरला. चांगला माल कसा काळाभोर चकाकतो, हा तपकिरी, मेलेला दिसत होता. तो म्हणाला, कोरडा आहे, मला नाही आवडत. मी म्हटलं, लॅबचे आकडे बरोबर आहेत. आणि होतेच हो! कोअर, म्हणजे रस्त्यात भोक पाडून नमुने, काढले, डेन्सिटी पास. कागदावर एक खोट सापडली नसती.

दुसरा हिवाळा संपला तेव्हा त्या रस्त्यावर आडव्या भेगा, आणि बसथांब्याजवळ मगरीच्या पाठीसारखी जाळी. मी गाडी लावून बघत होतो, तर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई आल्या, त्यांनी विचारलं, हा नवाच ना? मी म्हटलं हो. तुम्ही केलात का? मी म्हटलं, कंपनीने.

"कंपनीने." हा शब्द मला अजून टोचतो.

तिसऱ्या वर्षी रस्ता खरवडला, आणि तो माल कुठे आला? आमच्याच यार्डात. आमच्याच काट्यावर वजन होऊन रॅपच्या ढिगावर पडला, आणि त्या वर्षीच्या आमच्या रीसायकलिंगच्या टनात मोजलाही गेला. म्हणजे १२-१५ वर्षं टिकायचा रस्ता तिसऱ्या वर्षी मेला आणि आमचा हिरवा आकडा वाढला. ईपीडीचा हिशेब प्लांटच्या गेटपाशी संपतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच तो फॉर्म भरतो.

२०२२ मध्ये नापाने द रोड फॉरवर्ड आणलं, २०५० पर्यंत नेट झीरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढायचा. तेव्हा मी मित्रांशी भांडलो होतो की हे होणार म्हणजे होणार. आज भांडेन का? माहीत नाही. डांबर येतं रिफायनरीतून, तिथे माझं काय चालतंय? पण त्यातच रस्ता जास्त टिकवण्याचंही लिहिलंय, आणि आता बॅलन्स्ड मिक्स डिझाइन म्हणतात ते असोसिएशनच लावून धरतेय, म्हणजे नुसते टक्के न मोजता माल लॅबमध्ये खरोखर दाबून चिरडून बघायचा, भेग कशी जाते ते. अलाबामातल्या ऑबर्नला एनकॅट हे डांबरी रस्त्यांचं संशोधन केंद्र आहे, १९८६ मध्ये नापा आणि तिथल्या युनिव्हर्सिटीने मिळून काढलेलं, तिथल्या ट्रॅकवर ट्रक फिरवून फिरवून रस्ते मारतात. ती टेस्ट माझ्याकडे तेव्हा असती तर? मी तरी जेवता जेवता चालेलच म्हणालो असतो बहुतेक.

त्या शाळेसमोरच्या रस्त्यानंतर मी रॅप ४० वरून २५ टक्क्यांवर आणला. लगेच आमचा कार्बनचा आकडा चढला, आणि एका गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही मागे का चाललात? आता याला काय सांगू. भाचा म्हणतो ग्रीनवॉशिंग, म्हणजे नुसता हिरवा देखावा, गिऱ्हाईक म्हणतं पुरेसं ग्रीन नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडची नवी इंजिनियर ३५ टक्क्यांचं डिझाइन घेऊन आली. भेगांच्या टेस्टचा आकडा चांगला होता, माझ्या त्या मिक्सपेक्षा कितीतरी चांगला. सही मागत होती. मी विचारलं, टँकमध्ये आत्ता कुठलं डांबर आहे? म्हणाली, ५८-२८च असणार. मी म्हटलं, असणार नको, टँकरच्या मालाची पावती बघून ये. ती गेली, आणि दोन मिनिटांनी मीही हेल्मेट घालून तिच्या मागे गेलो.