त्या व्हिडिओत पंत नाचत नव्हते

आज पुन्हा तो व्हिडिओ बघितला. सकाळपासून सहा-सात वेळा तरी झालं असेल. सतराच सेकंदांचा आहे. पंत, म्हणजे माझा फायटर मासा, टँकच्या काचेला लागून वर जातात, खाली येतात, वळतात, परत वर, आणि मागून माझा आवाज, "बघा बघा, स्वारी कशी खूश झालीये नव्या पाण्यात!" तो आवाज आता मला ऐकवत नाही, म्यूट करून बघते.

रविवारी काढलेला. लगेच नीमीला पाठवलेला. तिचं लगेच हार्ट, आणि खाली, "बरंय गं, माझी काळजी मिटली." आता तिला काय सांगू.

मंगळवारी सकाळी दाणे टाकायला गेले तर पंत पुढे आलेच नाहीत. एरवी मी खोलीत पाऊल टाकलं की काचेला तोंड लावून हजर, नावाचा बेटा (फायटर माशाला बेटा म्हणतात) पण तोरा सगळा सासऱ्याचा, दाणा पडायला जरा उशीर झाला की कल्ले फुलवून दाखवणार. त्या दिवशी फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात खडीवर टेकून बसले होते. पर सगळे मिटलेले, ती एवढी मिरवायची शेपूट ओल्या चिंधीसारखी. मधूनच एकदम झटका दिल्यासारखं वर जायचं, पाण्यावरची एक घोट हवा घ्यायची आणि परत खाली येऊन टेकायचं. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की रुसलेत. खरंच. आदल्या रात्री मी उशिरा आले, त्यांचा लाईट लावला नाही, म्हणून. म्हणजे मासा आजारी पडलाय आणि त्यातही मी स्वतःलाच मध्ये आणून बसवलं.

मग काय, समजूत काढायला दोन दाणे जास्त टाकले. खाल्ले नाहीत. बुधवारी अजून तीन. तेही खाली जाऊन फुगून बसले.

बुधवारी रात्री दोनपर्यंत वाचत होते. या फायटर माशांचं आजारपण म्हणजे डोक्याला ताप आहे, काहीही झालं तरी लक्षणं तीच, खात नाही, तळाला बसतो, पर मिटतो, रंग उतरतो. पोट साफ नसलं तरी तेच आणि पाणी गार पडलं तरी तेच. अंधार करून टॉर्च मारून बघितलं, अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली तर वेल्वेट नावाचा रोग, ती नव्हती. मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे इक, तेही नव्हते. मग ड्रॉप्सी, त्यात अंग फुगून खवले उभे राहतात, वरून बघितलं की कळतं, आणि तिथवर गेलेले मासे फारसे वाचत नाहीत. हे वाचून स्टुलावर चढून वरून डोकावले तेव्हा श्वास धरून ठेवला होता मी. खवले नीट बसलेले होते. पोटही फुगलेलं नाही, तिरका होऊन तरंगत पण नव्हता (घाबरले की मी त्यांना अरेतुरे करते). थर्मामीटर २६ अंश दाखवत होता, म्हणजे २४ ते २८ च्या बरोबर मध्ये. पोट साफ व्हायला मटाराचा दाणा उकडून, साल काढून भरवा असंही बरेच जण सांगतात, पण हा मुळात किडे आणि अळ्या खाणारा प्राणी, त्याला मटार कशाला. एक दिवस उपास बरा, असं ठरवलं. एकेक कारण खोडत गेले आणि प्रत्येक वेळी जरा जरा बरं वाटत गेलं, कारण यातलं काहीच माझ्याकडून झालेलं नव्हतं.

पाणी तपासलंच नव्हतं. पाण्याचा प्रश्नच नव्हता ना, आरशासारखं होतं पाणी. शनिवारीच तर केलं होतं सगळं.

शनिवारी मला काहीतरी घासून काढायचं होतं. का ते नीमीला माहितीये, इथे नको. आधी कपाटं झाली, मग पंखे, मग टँककडे नजर गेली. आठ महिने दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदलत होते, पण त्या दिवशी तेवढ्याने भागणार नव्हतं. पंतांना डब्यात बसवलं आणि २० लिटरचा अख्खा टँक रिकामा केला. खडी गरम पाण्याने तीनदा धुतली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळत राहिले, पिळत राहिले, त्यातून तो तपकिरी लगदा निघत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं, शेवटी नुसतं पाणी निघायला लागलं तेव्हा थांबले. वर उन्हात वाळवला. क्लोरीन काढायचे थेंब मात्र नव्या पाण्यात आठवणीने टाकले, एवढी अक्कल होती.

गुरुवारी संध्याकाळी टेस्ट किट काढलं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. माझं हिरवं झालं. कार्डाशी लावून बघितलं, १ पीपीएम, जिथे शून्य पाहिजे. नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य, आणि ही दोन शून्यं बघून मला क्षणभर हायसं वाटलं होतं, नंतर कळलं की खरी गोम त्या शून्यांतच आहे. माशाची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मग आपण पाणी बदलून काढतो. चालू टँकमध्ये थोडं तरी नायट्रेट सापडतंच. पाच दिवसांत ते शून्यच्या शून्य, म्हणजे आत कामाला कुणी उरलेलंच नाही. तो तपकिरी लगदा म्हणजे नुसता मळ नव्हता तर, तेच सगळे त्यात होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि वरून ऊन. आणि उरलीसुरली कसर माझ्या जास्तीच्या दाण्यांनी भरून काढली, ते तिथेच सडत होते.

अजून एक वाचलं ते डोक्यातून जात नाहीये. मासा आपल्या अंगातला अमोनिया कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. बाहेरच्या पाण्यातच तो भरलेला असला की आतला निघायला जागा राहत नाही. वर येऊन हवा घेण्याची यांच्याकडे वेगळी सोय असते, डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, पण ती प्राणवायूपुरती. यावर तिचा काही उपयोग नाही. म्हणजे तो वर येऊन घोट घेत होता आणि मी इकडे मनात म्हणत होते, अजून राग गेला नाही वाटतं.

काल रात्री खूप रडले, खरं सांगायचं तर. एक बोटभर मासा. त्यालाही फक्त कोमट पाणी आणि दिवसाला चार दाणे पाहिजेत, बाकी काही मागत नाही, आणि तेवढंही माझ्याकडे टिकत नाही. जे जे हातात येतं ते मी... जाऊ दे.

मग दीड वाजता, रडून डोळे सुजलेले आणि बादलीत हात घालून पाण्याचा अंदाज घेतेय अशा अवतारात, आठवलं की थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर जाहीर केलंय. भातखाचरांत आणि डबक्यांत राहणारा प्राणी, गढूळ पाण्यात, पालापाचोळ्यात. तिकडच्या भाषेत त्याचं नाव आहे चावणारा मासा. म्हणजे एका देशाचा मानकरी चिखलात सुखाने नांदत आलाय आणि मी त्याला स्वच्छ करून आजारी पाडला. हसूच आलं. बादली सांडली थोडी.

तरी व्हिडिओ डोक्यातून जात नाही. रविवारपर्यंत अमोनिया इतका चढलेलाही नसणार, म्हणजे अमोनियाचंही कारण देता येत नाही मला. पंत तेव्हा घाबरले होते. सगळी जागा अनोळखी, सगळं पाणी एकदम बदललेलं, त्यांची लपायची जागा मी "छान दिसेल" म्हणून दुसऱ्या बाजूला नेलेली. काचेला लागून असं सारखं वरखाली करणं हे ताणाचं लक्षण असतं, त्याला ग्लास सर्फिंग म्हणतात, कुठेही वाचलं तर पहिल्या पाच ओळींत लिहिलेलं सापडतं. आणि मी तिथे उभी राहून शूटिंग करत होते, कौतुक करत होते. गेल्या महिन्यात त्यांनी वर बुडबुड्यांचं घरटं केलं तेव्हाही असाच फोटो पाठवला होता, "संसार मांडलाय, सुखात आहेत." नर ते करतातच, मादी असो नसो, त्यावरून पाण्याचं काही कळत नाही. मग आठ महिन्यांत मी पाठवलेल्या फोटोंमधले खरंच खुशीतले किती?

नीमीला तरी काय दोष द्यायचा. ती फोनवर "कशीयेस" विचारते तेव्हा मी काय उत्तर देते ते तिला आणि मला दोघींना पाठ आहे.

आता रोज पाणी बदलायचं, पण सगळं नाही. काल अर्धं, आज ३० टक्के, तापमान जुळवून आणि थेंब टाकून. स्पंजला हात लावायचा नाही, पुढे कधी धुवायचाच झाला तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता हलवून. सडलेले दाणे नळीने ओढून काढले. औषध काही नाही, मीठ नाही, बाटली हातात घेऊन परत ठेवली. जिवाणू पुन्हा जमायला चार ते सहा आठवडे धरून चालायचं, तोवर रोज नळी आणि पाच मिनिटं. कल्ल्यांना किती इजा झालीये ते बाहेरून दिसत नाही.

आज सकाळी अमोनिया ०.५. आत्ता रात्री पाणी बदलल्यावर ०.२५ च्या आसपास, हिरव्यात जरा पिवळं मिसळल्यासारखं, बल्बखाली धरलं की पिवळं वाटतं, खिडकीपाशी परत हिरवं. लपायची जागा पूर्वीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. संध्याकाळी एक दाणा टाकला होता, उपास मोडायला. पंत वर आले, तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला, परत थुंकला. तिसऱ्यांदा गिळला. मग शेपूट थोडी उघडली. मी मोबाईल उचलला आणि ठेवून दिला. मला काय माहीत ती कशासाठी उघडली.

नीमीचा मेसेज येऊन पडलाय तासाभरापूर्वी, "पंत काय म्हणतायत?" आधी "मजेत" टाईप केलं. खोडलं. मग लिहिलं, "रविवारचा व्हिडिओ परत बघ, त्यात तो घाबरलाय. वेळ मिळाला की फोन कर."

दोन निळ्या टिक आल्यात. टायपिंग दिसतंय, थांबतंय, परत दिसतंय.