पहिला तास हुकला, आता लळा लागेल का?

जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळाला छातीशी धरता आलं नाही, आता त्याला आपला लळा लागेल का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सिझर झालं, बाळ आठवडाभर काचेच्या पेटीत राहिलं, की आईच्या मनात हेच घोळत राहतं. लळा लागतो. तो एका तासात लागत नाही, म्हणून एका तासाने हुकतही नाही. सहा-आठ आठवड्यांत बाळ तुमच्याकडे पाहून हसतं, सात-आठ महिन्यांचं झालं की परक्याच्या कडेवर भोकाड पसरतं. इतकं सावकाश चालतं हे.

छातीशी धरणं मात्र लांबवू नका. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते.

बाळाच्या अंगावर फक्त लंगोट. दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला. वरून सुती ओढणी बांधा, तिची कड कानाच्या खालपर्यंत. बहुतेकांचं चुकतं ते मानेशी : बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. हनुवटीखाली निदान एक बोट जायला हवं. उशांना टेकून रेलून बसा; डोळा लागतोय असं वाटलं की बाळ दुसऱ्याकडे द्या. एका वेळी तासभर तरी धरा, सारखी उचल-ठेव केली तर झोपमोड होते.

आता नागपूरचा मे. पारा ४५वर असला तरी धरता येतं. कूलर चालू, खिडकी किलकिली, पण ओल्या हवेचा झोत थेट अंगावर नको. टोपडं काढाच, बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटेच जास्त बाहेर पडते. काखेत थर्मामीटर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस दाखवत असेल तर ठीक. वर गेला तर बाळ सुटं करा, दूध पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ३८ झाला तर थेट डॉक्टर. आजी चमच्याने पाणी पाजू पाहतील, त्यांना प्रेमाने थांबवा. सहा महिने दुधातलं पाणी पुरतं, उन्हाळ्यातसुद्धा.

आई आंघोळीला गेली की बाबांनी धरावं. छातीवर केस असले तरी चालतं. हेही बरेच जण विचारतात, हळू आवाजात.