तुम्ही विचारलंत म्हणून : संधिप्रकाशातला वाघ

ताडोब्याहून परतलेल्यांचे फोन मला साधारण रविवारी रात्री येतात. वाघ दिसला, अगदी रस्त्यावर दिसला, फोटोही भरपूर काढले. पण घरी मोठ्या स्क्रीनवर बघितले तर सगळे हललेले. मग ठरलेला प्रश्न : "उजेड तर तुम्हालाही तेवढाच असतो, मग तुमचे कसे येतात? कॅमेरा बदलू का?"

इतक्यात बदलू नका. आधी त्या फोटोचा शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहिला ते, बघा. बहुतेक वेळा तिथे १/६० किंवा १/८० सेकंद सापडतं आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील हे ठरवणारा आकडा) ८०० वर अडवून ठेवलेला असतो, कारण आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो असं कुणीतरी बजावलेलं असतं. दाणे दिसतात, खरंय. पण दाणेदार वाघ वाघच असतो, हललेल्या फोटोत मात्र नुसता पिवळा फराटा उरतो. दाणे नंतर संगणकावर बरेच कमी करता येतात. हललेल्या फोटोवर तसा उपाय नाही, आणि जी सॉफ्टवेअरं तो करू म्हणतात ती वाघाला नसलेल्या मिश्या काढून देतात. मी ६४०० पर्यंत बिनदिक्कत जातो, गरज पडली तर १२८०० पर्यंतही.

अंधार कधी येणार हे मुंबई-पुण्याच्या लोकांना तिथे हमखास चकवतं. ताडोब्याचं चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसहा रेखांशांवर आहे. घड्याळ तेच, पण सूर्य तिथे पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचला जेमतेम ऊन उरलेलं असतं, आणि बांबूच्या बेटात तर त्याच्या कितीतरी आधी काळोख दाटतो. दिवसभर सावलीत किंवा पाण्यात पडून राहिलेला वाघ नेमका त्याच सुमाराला उठतो आणि इकडे गाईडला गेट गाठायची घाई झालेली असते. उलट एप्रिल-मेमध्ये साग निष्पर्ण होतो, ऊन थेट जमिनीपर्यंत येतं आणि तहानेला वाघ भरदिवसा पाणवठ्यावर येतो. अंधाराच्या वाटेला जायचंच नसेल तर तेव्हा जा. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाईल, त्याची तयारी ठेवा. मला स्वतःला हिवाळाच आवडतो. तलावावर धुकं असतं आणि सगळ्या फोटोंना एकसारखा पिवळा रंग येत नाही.

शटर किती ठेवायचा हे जनावर काय करतंय त्यावरून ठरवा. बसलेल्या वाघाला, कॅमेरा नीट टेकवलेला असेल तर, १/१०० पुरतं. चालत्या वाघाला १/५०० तरी हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, वाघाच्या पावलाला त्याचा काही उपयोग नाही. तेवढा उजेड नसेल तर तो थबकतो त्या क्षणाची वाट बघा. हरणा-माकडांचा इशाऱ्याचा कॉल ऐकायला, वास घ्यायला, जिप्सीकडे बघायला वाघ चालता चालता थांबतोच. तेव्हा पाच-सहा फोटो सलग घ्या, त्यातला एखादा स्थिर निघतो. रानकुत्रे धावत असतील तर १/१६०० चा हट्ट सोडा. सरळ १/३० वर या आणि त्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहा. डोकं जेमतेम स्पष्ट, पाय आणि मागचं जंगल ओघळलेलं, असा एखादा फोटो लागला तर भिंतीवर लावण्यासारखा असतो. बाकीचे मुकाट्याने पुसून टाकायचे.

जिप्सीत सहा जण असतात हे विसरू नका. एकाने पाय बदलला तरी सगळी गाडी डुलते आणि चालू इंजिनाची थरथर तर सतत असतेच. म्हणून निघतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवायचं, "भाऊ, थांबलो की इंजिन लगेच बंद करा." वाघ समोर आल्यावर हे सांगायला कुणाला सुचत नाही. ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी. लेन्स टेकवायला रिकामी बीनबॅग, म्हणजे कापडी पिशवी, न्या, तिथल्या किराणा दुकानातून तांदूळ घेऊन भरा. परतताना ते तांदूळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात देऊन टाकता येतात.

आता ज्याकडे फार कमी जण लक्ष देतात ती गोष्ट. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या उजेडाचं करायला बघतं. संध्याकाळचं जंगल त्याला चुकीचं वाटतं, म्हणून ते शटर रेंगाळत ठेवून दुपार करू पाहतं. त्याचं ऐकू नका. आयएसओ ठरवून शटर कॅमेऱ्यावर सोडला असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ की गडद हे सांगायचं सेटिंग) उणे एकवर आणलं की शटर लगेच दुप्पट वेगाचा होतो आणि फोटोत संध्याकाळ संध्याकाळच राहते. गव्याच्या बाबतीत तर हे करावंच लागतं. काळंभोर अंग उजळायच्या नादात कॅमेरा त्याचे पांढरे पाय पार जाळून टाकतो. रंगाचंही तेच. रंगांची छटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर पहाटेचा निळेपणा पुसला जातो, म्हणून मी तो उन्हाच्या सेटिंगवर ठेवतो. आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढा.

फ्लॅश आणि टॉर्चचं नावही काढायचं नाही. नियम आहेच, पण रात्री शिकार करणाऱ्या डोळ्यांवर तो झोत मारणं मला मुळातच असभ्य वाटतं. १९२०च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवली होती; वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. शिकारीचा जमाना होता, बंदुकीऐवजी कॅमेरा लावणं हीच तेव्हा मोठी गोष्ट. आजच्या व्याघ्रगणनेतले कॅमेरा ट्रॅप त्याच कल्पनेवर चालतात. आपल्या जिप्सीतून मात्र असलं काही नको.

राहिला कॅमेरा. पैसे घालायचेच असतील तर लेन्समध्ये घाला. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. तुमच्या १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सला ६०० च्या टोकाला एफ ६.३ मिळतं, एफ २.८ ची लेन्स त्याच्या पाचपट उजेड आत घेते. मात्र तिची किंमत लाखांत असते, म्हणून विकत घेऊ नका. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते. एक-दोन दिवस आधी आणा आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी आपल्याच गल्लीतल्या कुत्र्यांवर हात बसवा. काळं कुत्रं मिळालं तर फारच उत्तम. काळ्या केसांत फोकस पुढे-मागे भरकटत राहतो, म्हणून तो नाकाच्या ओल्या चकाकीवर धरायला शिका. अस्वल समोर आलं की त्याच्या फिकट तोंडावर हेच करायचं आहे, आणि ते कुत्र्याइतका वेळ थांबत नाही.