चपलेतला खड्डा

आळंदीहून माऊलींच्या पालखीचं ज्येष्ठ वद्य अष्टमीचं प्रस्थान, पुण्यातले दोन मुक्काम, दिवे घाट. हे सगळं झालं एवढं नक्की, पण कुठल्या दिवशी काय ते विचारू नका. घाटात पाऊस नव्हता, घाम होता. सासवडला पहिल्यांदा झोप लागली, तीही मोडकीच. शेजारचे नगरचे काका घोरायचे आणि पहाटे तीनला स्वतःच उठून विचारायचे, "झोप झाली का माऊली?"

डोक्यात घरची वाटणी होती. चुलतभावाशी चाललेला दावा, बांधाची मोजणी, वकिलाची चिठ्ठी. घरून निघताना कुणीतरी म्हणालं होतं की वारीत सगळं विसरायला होतं. पहिले पाच दिवस उलटंच झालं. हातात टाळ, तोंडात अभंग आणि आत भावाला सुनावायची वाक्यं, तीही अभंगाच्याच ठेक्यात. पावली खेळतानासुद्धा मी त्याला उत्तरं देत होतो.

सामान ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. ट्रकमध्ये जाणारी बॅग 7 किलोच्या वर नको. रोज दोनदा ती ट्रकवरून आपल्यालाच काढायची आणि चढवायची असते. तिच्यावर नाव आणि दिंडीचा क्रमांक मोठ्या अक्षरात हवा, कारण अंधारात सगळ्या बॅगा काळ्या दिसतात. अंगावरच्या पिशवीत लिटरभर पाणी, प्लॅस्टिकचा कागद, मीठ-साखरेची पुडी, सुई, चिकटपट्टी आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड. मांड्या घासून सोलवटतात, त्यासाठी निघण्याआधीच खोबरेल लावायचं, जखम झाल्यावर नाही. वाटेत केळी, लाडू, चहा, भजी सगळं फुकट मिळतं आणि सगळं घेणारा माणूस तिसऱ्या दिवशी फिरत्या शौचालयाच्या रांगेत असतो. मी होतो.

आमची दिंडी रथामागची. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, विणेकरी, त्यामागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. वीणा जमिनीला लागू द्यायची नाही. विणेकऱ्याला लघवीला जायचं तरी ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ओळ मोडली की मागून हाक येते आणि ती हाक नेहमी प्रेमळ असते असं नाही. माझ्या मागच्या टाळकऱ्याचा टाळ सतत अर्धी मात्रा पुढे. दोन दिवस मी त्याचा राग राग केला. नंतर कळलं, त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि मृदंग त्याच्या डावीकडे असायचा. राग गेला म्हणता येत नाही, पण राग धरायची सोय गेली.

जेजुरीचा भंडारा, वाल्ह्याची झोंबरी हवा, नीरेचं स्नान.

लोणंदच्या तळावर समाजआरतीला उभा होतो. सगळ्या दिंड्या गोल करून तळावर आलेल्या, हजारो टाळ एकदम वाजत होते. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड वर केला आणि आवाज विझला. एका कोपऱ्यातली एक दिंडी मात्र वाजवतच राहिली. नवख्यांना वाटतं, यांना दिसलं नाही. तसं नसतं. ज्या दिंडीची तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिथवर चालत जातात, काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. तोपर्यंत लाखभर माणूस उभं. त्या दिवशी कुणाची तक्रार काय होती ते आमच्यापर्यंत आलं नाही. पुढं हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, एक चष्मा, एक पिशवी, कुणाची तरी म्हातारी. उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आरती झाली. मी तंबूत येऊन पडलो, पण तो एकट्या दिंडीचा टाळ कानातून जाईना. दंड दाखवून गप्प बसायला लावता आलं असतं की. तसं कुणी करत नाही.

फलटण सोडलं आणि पायानं दगा दिला.

फोड येतो तो नुसत्या चालण्यानं नाही, ओलाव्यानं. मोजा घामानं भिजतो, कातडी मऊ पडते, त्यात एक बारीक खडा शिरला की तासाभरात काम तमाम. चुरचुरायला लागल्याबरोबर थांबून मोजा बदलला आणि तिथं चिकटपट्टी मारली तर फोड सहसा येत नाही. पण ओळ सुटेल म्हणून माणूस थांबत नाही. मीही थांबलो नाही. विडणी मागे पडेस्तोवर उजव्या टाचेवर रुपयाएवढा आणि चवड्याखाली त्याहून मोठा फोड आलेला. रस्ता चौपदरी झालाय, छान झालाय, पण कडेची झाडं गेली. घाटाअलीकडचा पाऊस इकडे येत नाही, आषाढाच्या तोंडावर चैत्रासारखं ऊन. मी बोटांवर चालायला लागलो. त्यानं पोटरीत गोळा आला, आणि पोटरी वाचवायला कंबर वाकडी केली तर कंबर धरली. एक फोड चुकवायला माणूस किती ठिकाणी मोडतो!

एका मांडवाच्या सावलीला चांभार बसला होता. वारकऱ्यांची पायताणं फुकट शिवून देणारे वाटेवर बरेच भेटतात, हा त्यातलाच. मी माझी पट्ट्यांची सँडल पुढे केली. ती त्यानं बाजूला ठेवली.

"आधी पाय दावा माऊली."

पाय पाहून त्यानं सुई पेटत्या काडीवर धरली. फोडाच्या माथ्यावर टोचायचं नाही, बुडाला टोचायचं, दोन ठिकाणी, म्हणजे पाणी आपोआप निघतं. वरची कातडी ओढायची नाही, तीच खरी पट्टी. मी फोडात दोरा ओवून ठेवायचं काढलं, आमच्या दिंडीत सगळे तसंच करत होते. त्यानं मान हलवली. "दोऱ्यानं घाण आत जाती. त्या लोकांचे पाय बघा की वाखरीला." पुढं पाहिले, दोघांना पू झाला होता. (साखरेचा आजार असेल त्यानं सुईसुद्धा लावू नये, सरळ रुग्णवाहिका गाठावी.) वर औषध, कापूस, पट्टी. मग सँडल घेतली. माझ्या चवड्याखाली फोड नेमका कुठं टेकतो ते त्यानं ओल्या पायाचा ठसा आतल्या तळव्यावर उमटवून पाहिलं, आणि रापीनं तिथली स्पंजाची चकती कापून काढली. सरळ भोक. मला वाटलं, हा चप्पल खराब करतोय.

"दुखतं तितं जागा पायजे," तो म्हणाला. "वर आजून मऊ घातलं तर जास्त दाबतं."

सँडलच्या पट्टीची शिवण उसवलेली होती, ती शिवायची राहिली. त्याचा पोरगा जेवायला गेलेला. त्यानं मेणाचा गोळा आणि दोऱ्याची गुंडी माझ्या हातात दिली. दोरा ताणून धरायचा आणि मेणातून तीनदा ओढायचा. एकदाच ओढला तर पावसात दोरा फुगतो आणि टाका सुटतो. मी ओढत बसलो. माझी सँडल झाली तरी माणसं येतच होती, कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाचा तळ उघडलेला. आमची दिंडी केव्हाच पुढं गेलेली. पहिल्यांदा तेच डोक्यात, आता बरड गाठेपर्यंत अंधार, जेवण संपलेलं, काका टोमणे मारणार. मग भाऊ आला डोक्यात, नेहमीसारखा. मी दोरा ओढत होतो आणि तो बोलत होता. त्या दुपारी मी त्याला उत्तर दिलं नाही. ठरवून नाही, हात गुंतले होते म्हणून. बांध त्याच्या बापानं घातला होता, विहिरीचा पहिला सुरुंग त्यांचा होता, हे तो मला कितीतरी वर्षं सांगत होता. खोटं नव्हतं ते. तीस-चाळीस हात दोरा झाला असेल. पोरगा आला, मी उठलो, तेव्हा लक्षात आलं की आत कुणी बोलत नाहीये. मागच्या दिंड्या जात होत्या, हरिपाठ सुरू झाला होता.

मी चांभाराला पन्नासची नोट दिली. तो चिडला. खरंच चिडला, हसून नको म्हणणं वेगळं. नोट खिशात घालताना फार ओशाळलो.

बरडला पोचलो तेव्हा पिठलं संपलेलं. काकांनी दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात झाकून ठेवला होता आणि वर अर्धा तास बोलले.

सदाशिवनगरचं रिंगण मी पाहिलं, म्हणजे पुढच्या माणसाची पाठ पाहिली. अश्व गेल्याचं आरोळीवरून कळलं. वेळापूरनंतर पुन्हा भाऊ डोक्यात आला, भंडीशेगावला मोबाईल चार्जिंगच्या फळीवरून एका परक्या माणसाशी मी भांडलोही. एकादशीला कळसाचं दर्शन घेतलं, द्वादशीचं पारणं करून एसटी धरली.

तारखेला तीच सँडल घालून गेलो. भाऊ आधीच आलेला, बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी जागा होती, तिथं बसलो. बराच वेळ तो विहिरीबद्दल बोलत होता. आमचा पुकारा झाला, पुढची तारीख भाद्रपदातली मिळाली.